दिवस भरत आले असताना लांबचा विमानप्रवास : निर्णय कसा घ्यावा

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही रीत मराठवाड्यात अजूनही घट्ट धरलेली आहे आणि जालना जिल्हा त्याला अपवाद नाही. फरक पडला आहे तो अंतरात. पूर्वी अंबडची लेक घनसावंगीला किंवा भोकरदनची जाफराबादला दिली जाई आणि सातव्या महिन्यात ओटी भरून तिला बैलगाडीने किंवा एस.टी.ने माहेरी आणले जाई; आज तीच लेक बंगळूर, दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत संसार करते आणि तिच्या माहेरच्या वाटेत दोन-दोन विमानतळ येतात. रीत तीच राहिली, पण तिच्यामागचा हिशेब बदलला, आणि अनेक घरांत तो नव्याने मांडलाच जात नाही. 'विमान कंपनी बसू देईल का?' हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. वास्तविक तो सर्वांत शेवटी यायला हवा. बाळंतपण कोठे व्हायचे आहे, तेथे पोहोचेपर्यंत वाटेत काही झाले तर गर्भवतीला कोण आणि कोठे सांभाळणार, आणि तिच्या शरीराची आजची स्थिती कोणता प्रवास झेपेल अशी आहे, हे तीन प्रश्न आधीचे आहेत आणि त्यांची उत्तरे सातवा महिना लागण्यापूर्वी घरात ठरलेली असली पाहिजेत.

या निर्णयात पहिली गफलत होते ती मोजणीत. घरात महिने मोजले जातात, तर डॉक्टर आणि विमान कंपन्या आठवडे मोजतात. वैद्यकीय मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि त्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे, हा पूर्ण काळ मानला जातो. 37 आठवड्यांपूर्वी झालेला जन्म अकाली समजला जातो. समजा शेवटची पाळी 1 जानेवारीला आली असेल, तर लीप वर्ष वगळता 28 आठवडे 16 जुलैला, 32 आठवडे 13 ऑगस्टला, 36 आठवडे 10 सप्टेंबरला आणि 40 आठवडे 8 ऑक्टोबरला पूर्ण होतात. घरच्या भाषेत 'आत्ता कुठे आठवा संपला' असे म्हटले जाते, त्याच सुमारास 35 आठवडे भरलेले असतात आणि अनेक कंपन्यांचे दार बंद होण्याच्या बेतात असते. पाळी अनियमित असेल किंवा तिची तारीख नीट आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक विश्वासार्ह असते. पुढच्या महिन्यांतील सोनोग्राफीत बाळाच्या वाढीनुसार तारीख मागेपुढे दिसते, म्हणून सोयीची तारीख दाखवणारा नंतरचा रिपोर्ट निवडणे चुकीचे आहे. तिकीट काढण्यापूर्वी अशा चार तारखा कागदावर लिहून भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी लावल्या, तर पुढची बरीच ओढाताण टळते.

नियमांचे सांगायचे तर भारतातील प्रमुख विमान कंपन्या साधारणपणे 32 आठवड्यांपर्यंत प्रमाणपत्र मागत नाहीत, त्यानंतर 35 किंवा 36 आठवड्यांपर्यंत डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र मागतात आणि पुढे बसू देत नाहीत. परदेशी कंपन्यांपैकी अनेक 28 किंवा 29 आठवड्यांपासूनच प्रमाणपत्र मागतात. जुळी असतील तर मर्यादा बहुधा 32 आठवड्यांवर येते. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो आणि तो बदलतो, म्हणून तिकिटाआधी त्या कंपनीकडूनच लेखी खात्री करून घ्यावी, आणि जोडविमान दुसऱ्या कंपनीचे असेल तर तिचीही. हा नियम परतीच्या तारखेलाही लागू होतो, हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. गणपतीसाठी किंवा धाकट्या भावाच्या लग्नासाठी 31व्या आठवड्यात आलेली आणि 36व्या आठवड्यात परतीचे तिकीट असलेली गर्भवती मुंबईच्या काउंटरवर अडवली जाऊ शकते, आणि मग जेथे नाव नोंदवलेले नाही तेथेच बाळंतपणाची तयारी करण्याची वेळ येते.

कंपनीची मर्यादा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. एकच बाळ असलेल्या आणि कोणतीही गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात विमानप्रवासामुळे अपाय होतो असे वैद्यकशास्त्र मानत नाही. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांचे रॉयल कॉलेज अशा स्त्रीला 37 आठवड्यांपूर्वी आणि गुंतागुंत नसलेल्या जुळ्यांच्या बाबतीत 32 आठवड्यांपूर्वी प्रवास करता येतो असे सांगते. पण 36-37 ही रेषा आखण्यामागचे मुख्य कारण असे की त्यानंतर कळा कधीही सुरू होऊ शकतात आणि समुद्रावरून जाणाऱ्या विमानात ना शस्त्रक्रियेची सोय असते, ना रक्ताची, ना कमी वजनाच्या बाळासाठी लागणाऱ्या उबेची. रेषेच्या अलीकडे कळा येतच नाहीत असे नाही, त्या कमी वेळा येतात इतकेच. आणि 33व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला नवजात अतिदक्षता कक्षाची गरज 38व्या आठवड्यातल्या बाळापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून दोन-तीन तासांचा देशांतर्गत प्रवास आणि पंधरा तासांचा समुद्रापारचा प्रवास यांना एकाच मापाने मोजू नये. देशांतर्गत प्रवासासाठी कंपनीची मर्यादा अधिक डॉक्टरांचा होकार पुरेसा मानता येईल. समुद्रापारच्या प्रवासासाठी मात्र 32 आठवडे हीच घराची मर्यादा असावी, असे या लेखाचे मत आहे, आणि ते नियमापेक्षा जाणूनबुजून कडक ठेवलेले आहे.

विमानात शरीराचे काय होते, हे समजून घेतले म्हणजे डॉक्टर कोणते प्रश्न का विचारतात तेही कळते. विमान 35,000 फुटांवर उडत असले तरी आतला हवेचा दाब साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. त्यामुळे श्वासावाटे रक्तात मिसळणारा प्राणवायू थोडा कमी होतो. निरोगी आईच्या बाळाला याचा त्रास होत नाही, कारण गर्भाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवणारे असते. परंतु आईच्याच रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर ही शिल्लक आटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या पाचव्या फेरीत देशातील 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे ही दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट नव्हे. गर्भारपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरला जातो, 7 ग्रॅमच्या खाली तो तीव्र मानला जातो, आणि 7.5 ग्रॅमच्या आसपास किंवा खाली असताना विमानप्रवास टाळावा असे प्रसूतितज्ज्ञ सांगतात. प्रवासाच्या बेताआधी पाच-सहा आठवडे रक्त तपासले तर लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून दिले जाणारे लोह यांचा उपयोग होण्यास वेळ मिळतो. आदल्या दिवशी तपासून हाती फक्त काळजी येते.

दुसरी गोष्ट रक्ताच्या गुठळीची. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून गर्भारपणात रक्त लवकर गोठण्याकडे झुकते, वाढलेल्या गर्भाशयाच्या दाबाने पायांतून वर येणारे रक्त मंदावते आणि त्यात चार तासांहून अधिक काळ एका जागी बसणे आले, की पोटरीतल्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. धोका एकूण लहान आहे, पण तो सर्वांना सारखा नाही: पूर्वी गुठळी झालेली, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला झालेली, वजन जास्त असलेली किंवा काही आठवडे अंथरुणावर विश्रांती सांगितलेली स्त्री अधिक जोखमीत असते आणि तिला डॉक्टर हेपारिनचे इंजेक्शन सुचवू शकतात. ॲस्पिरिनची गोळी मात्र या कारणासाठी स्वतःच्या मनाने घेऊ नये. इतरांसाठी योग्य मापाचे दाबमोजे, दर तास-दीड तासाने मधल्या वाटेत चार पावले चालणे, बसल्या जागी पंजे वर-खाली करून पोटऱ्या हलत्या ठेवणे आणि पुरेसे पाणी पिणे एवढे बहुधा पुरते. मोजे घरून निघतानाच, पाय सुजण्यापूर्वी, चढवावेत.

काही परिस्थितींत प्रवासाचा विचारच बाजूला ठेवावा लागतो. वार खाली, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावर असणे, या महिन्यांत अंगावरून रक्त गेलेले असणे, रक्तदाब 140/90 किंवा अधिक राहणे, मागील बाळंतपण दिवस भरण्याआधी झालेले असणे, गर्भपिशवीचे तोंड आखूड असल्याचे सोनोग्राफीत दिसणे किंवा त्याला टाका घातलेला असणे, बाळाची वाढ कमी असणे, गर्भजल गळत असण्याची शंका येणे, यांपैकी एखादी गोष्ट असली तरी लांबचा प्रवास करू नये किंवा निदान तज्ज्ञांच्या स्पष्ट परवानगीशिवाय करू नये. आधीचे सिझेरियन एवढ्याच कारणाने प्रवास वर्ज्य ठरत नाही; पण मग वार जुन्या व्रणावर तर नाही ना, हे पाहून घेतलेले असावे. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल तर वेळेच्या फरकानुसार मात्रा कशी द्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर 28व्या आठवड्याच्या सुमारास दिले जाणारे अँटी-डी इंजेक्शन प्रवासाच्या गडबडीत राहून जाते, त्याची नोंद वेगळी ठेवावी.

प्रमाणपत्राविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. आठवडे दोन-तीनने कमी लिहून द्यावेत, अशी गळ काही नातेवाईक ओळखीच्या डॉक्टरांना घालतात. अशा कागदाने काउंटर ओलांडता येतो, पण वाटेत कळा सुरू झाल्या तर विमानातील कर्मचारी आणि मदतीला धावलेला डॉक्टर त्याच खोट्या आकड्यावर विसंबून निर्णय घेतात, आणि विमा असल्यास तोही नाकारला जाऊ शकतो. खऱ्या प्रमाणपत्रात पूर्ण आठवडे, अपेक्षित तारीख, बाळ एक की अधिक, गुंतागुंत आहे की नाही, प्रवासास हरकत नसल्याचा उल्लेख, तपासणीची तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक व शिक्का असतो. बहुतेक कंपन्यांना ते प्रवासाच्या अगदी जवळच्या दिवसांतले लागते, त्यामुळे शेवटची तपासणी त्या बेताने ठरवावी.

जालन्याच्या वाचकांनी आणखी एक हिशेब करायला हवा, तो म्हणजे दारापासून दारापर्यंतचा. न्यू जर्सीतल्या नेवार्कहून मुंबईचे थेट विमान सुमारे पंधरा तास घेते. त्याआधी विमानतळावरचे तीन तास, नंतर सामान आणि पारपत्र तपासणीचा वेळ, आणि मग खरा प्रश्न उरतो तो मुंबई ते जालना या जवळपास 400 किलोमीटरचा. मंठ्याच्या किंवा परतूरच्या बाजूला जायचे असेल तर त्यात भर पडते. जून 2025मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मोटारीचा प्रवास बराच सुकर झाला आहे, पण थकलेल्या गर्भवतीला पंधरा तासांच्या बैठकीवर आणखी सहा-सात तास बसवणे योग्य नव्हे. मुंबईत नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात एक रात्र पूर्ण झोप घेऊन निघावे, किंवा मुंबईहून छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापर्यंत दुसरे विमान घ्यावे. हा विमानतळ जालना रस्त्यावरच असल्याने तेथून जालना शहर सुमारे 50 किलोमीटरवर राहते. डिसेंबर 2023मध्ये जालन्याहून सुरू झालेली आणि पुढे नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत गाडी बसून जाण्याची आहे. आडवे व्हायचे असेल तर देवगिरी एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीचा खालचा बर्थ बरा, आणि गर्भवतींसाठी रेल्वेत खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो, त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मोटारीत दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करावेत आणि सीटबेल्टची खालची पट्टी पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या बाजूने घ्यावी. विमानातही पट्टा असाच बांधायचा असतो.

जिल्ह्यातील लांबच्या प्रवासाचा विचार विमानापुरता थांबवला तर तो अर्धवट राहील. दिवाळीच्या सुमारास मंठा, घनसावंगी, अंबड या भागांतून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाणाऱ्या कुटुंबांत सहाव्या-सातव्या महिन्यातल्या स्त्रियाही असतात. त्या ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या हौद्यात बिऱ्हाडासह बसतात, आणि त्यांच्याकडे कोणी प्रमाणपत्र मागत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने घरी राहण्याचा पर्याय त्यांना फारसा नसतो, म्हणून त्यांना 'जाऊ नका' असे सांगून भागत नाही. अशा स्त्रीची निघण्यापूर्वी एक तपासणी व्हावी, आशा कार्यकर्तीने तिचे माता-बाल संरक्षण कार्ड पूर्ण भरून सोबत द्यावे, कारखान्याच्या तळावर पोहोचल्यावर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद व्हावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि दवाखान्यापर्यंतचे वाहन विनामूल्य आहे, आणि हा हक्क गाव सोडल्याने संपत नाही. ज्या घरात लेकीच्या विमानाची एवढी काळजी होते, त्या घराने आपल्या शेतावरच्या, गल्लीतल्या अशा एखादीच्या कार्डाचीही चौकशी करावी.

आता पर्यायाचा विचार. 32 आठवडे उलटून गेले असतील आणि लेक समुद्रापार असेल, तर तिला इकडे आणण्यापेक्षा तिच्या आईने तिकडे जाणे बहुतेक वेळा अधिक शहाणपणाचे ठरते. रीतीचा गाभा लेकीला विसावा आणि जाणत्या बाईचा हात मिळावा हा आहे. तो हात दुबईत किंवा लंडनमध्येही पोहोचतो, डिंकाचे लाडू आणि शेपा-ओव्याच्या पुड्याही त्या त्या देशाचे नियम पाहून नेता येतात. ज्या रुग्णालयात नऊ महिने तपासणी झाली तेथेच बाळंतपण झाले, तर जुने रिपोर्ट शोधावे लागत नाहीत. मात्र त्यासाठी आईचे पारपत्र आणि व्हिसा यांची तयारी चौथ्या-पाचव्या महिन्यातच सुरू करावी लागते. याउलट जालन्यातून पतीकडे परदेशी निघालेल्या गर्भवतीने तेथील रुग्णालयाचा खर्च कोण देणार हे आधी पाहावे. साध्या प्रवास विम्यात बाळंतपण आणि नवजात बाळावरील उपचार बहुधा धरलेले नसतात. भारतात बाळंतपण करून परतायचे असेल तर बाळाची जन्मनोंदणी, पारपत्र आणि व्हिसा यांत जाणारा वेळ, आणि तोपर्यंत आईच्या नोकरीची रजा, हेही गणितात धरावे लागते. जन्माची नोंद 21 दिवसांत करणे कायद्याने अपेक्षित आहे.

सर्वांत अवघड प्रसंग दुःखाचा असतो. माहेरी वडील गेल्याची बातमी येते आणि 34 आठवड्यांची लेक विमानाला निघते. अशा वेळी तिच्याकडून विचारपूर्वक निर्णयाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे; तो भार घरातल्या वडीलधाऱ्यांनी उचलावा. 'तू येऊ नकोस, आम्ही सगळे करतो' हे काकांनी किंवा मोठ्या भावाने स्वतः फोन करून, स्पष्ट शब्दांत सांगावे आणि नंतर 'बापाच्या तेराव्यालाही आली नाही' असे कोणाला बोलू देऊ नये. तरीही जायचेच ठरले, तर डॉक्टरांची त्याच दिवशीची तपासणी, सोबत एक धडधाकट माणूस आणि उतरल्या शहरात आधी ठरवलेले रुग्णालय, एवढ्याशिवाय निघू नये.

प्रवास ठरला की उरते ती तयारी. तपासण्यांची फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट आणि चालू औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, मोठ्या बॅगेत नव्हे; त्यांची छायाचित्रे पतीच्या आणि आईच्या फोनवरही असावीत. वाटेकडची जागा मागून घ्यावी, चाकांच्या खुर्चीची मदत मागण्यात संकोच करू नये, बॅगा वर चढवण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. उंचीवर पोटातील वायू फुगतो, म्हणून निघण्याच्या दिवशी हरभऱ्याची उसळ आणि सोड्याची शीतपेये टाळलेली बरी. सुरक्षा तपासणीच्या धातुशोधक चौकटीतून जाण्याने बाळाला अपाय होत नाही, आणि कधीमधी केलेल्या प्रवासात मिळणारा अवकाशातील किरणांचा अंशही नगण्य असतो. ज्या स्त्रियांचे कामच विमानात असते त्यांनी मात्र त्याबाबत स्वतंत्र सल्ला घ्यावा.

पोहोचल्यानंतर दोन-तीन दिवसांच्या आत येथील डॉक्टरांकडे नाव नोंदवावे. खाजगी दवाखाना ठरलेला असला तरी अडचणीच्या वेळी जालन्याचे शासकीय स्त्री रुग्णालय किंवा संभाजीनगरचे घाटी रुग्णालय यांपैकी कोठे न्यायचे, हे आधी बोलून ठेवावे, आणि खेड्यात राहणार असल्यास रात्री गाडी कोणाची मिळेल हेही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागणे, एकाएकी धाप लागणे किंवा छातीत कळ येणे ही गुठळीची लक्षणे प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत दिसू शकतात. ती 'प्रवासाचा शीण' म्हणून शेक देऊन किंवा पोटरी चोळून काढू नयेत. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा सुजणे, बाळाची हालचाल कमी जाणवणे, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, पोट पुन्हा पुन्हा कडक होणे, यांपैकी काहीही आढळले तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.